सोलापुरात चित्रं काढणारी माणसं कुठे भेटतात?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. नोकरीमुळे सोलापुरात आले, रेखाटनाचा नाद आहे. रविवारी वही घेऊन भुईकोट किल्ल्याच्या तटाशी नाहीतर सिद्धेश्वर तलावाकाठी बसते. लोक थांबतात, ‘आमचं पण काढा की’ म्हणतात, चहासुद्धा पाजतात. पण शेजारी बसून स्वतः काढणारं कुणी भेटत नाही.

हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकं बघायला जाते. तिथे सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे. प्रयोग संपला की बाहेर घोळके जमतात आणि मी उगाच मोबाईल बघत उभी. कुणी वाईट वागत नाही हो, पण शिरायचं कुठून तेच कळत नाही.

खरी ओढ पूर्व भागाची, म्हणजे तिथल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीची आहे. चादरीची नक्षी आधी ग्राफ पेपरवर चौकोन चौकोन रंगवून उतरवायची, मग त्यावरून जेकार्डच्या (मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या) पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, ही जुनी पद्धत. आता बरंचसं काम कॉम्प्युटरवर होतं. पण ते ग्राफ रंगवणारे हातही चित्रकाराचेच की! कुणाच्या ओळखीत असे जुने डिझायनर आहेत का? तेलुगू येत नाही, शिकायची तयारी आहे.

स्केचिंगचा ग्रुप, कवींचा कट्टा, हौशी नाटकवाले (पडदे रंगवायलाही येईन), काहीही चालेल. फक्त क्लास सुचवू नका. शिकवणी नको, संगत हवी. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी मोकळी असते, स्कूटी आहे. नवख्या माणसाने आधी फोन करावा की सरळ जाऊन बसावं, तेही सांगा.