मदत हवी आहे: जेरेमाया एव्हर्ट्स (१७८१–१८३१) यांची हस्तलिखित पत्रे वाचताना अडले आहे

नमस्कार मंडळी,

धागा थोडा लांबेल, पण सगळे सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

आमचा नगरला छापखाना होता. आजोबा स्वतः खिळे (छपाईची शिशाची सुटी अक्षरे) जुळवायचे. ऑफसेट आल्यावर खिळे माळ्यावर गेले, पण केसी, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्या, आम्ही अजून मोडीत काढलेल्या नाहीत. त्या केसींमुळेच मला मराठी छपाईच्या सुरुवातीच्या दिवसांचा नाद लागला. मुंबईत १८१७ साली अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून मराठी मजकूर छापून निघायला लागला, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. माझा प्रश्न साधा होता. माणसे, पैसे बोस्टनहून यायचे, तर बोस्टनला हिशेब कोण बघत होते? मुंबईची पत्रे कोणाच्या टेबलावर जाऊन पडत होती?

तो माणूस म्हणजे जेरेमाया एव्हर्ट्स. व्हरमाँटमधला जन्म, १८०२ साली येलची पदवी, १८०६ मध्ये न्यू हेवनला सनद घेऊन वकिली. वकिली फार चालली नाही. १८१० मध्ये एका धार्मिक मासिकाचा संपादक म्हणून तो बोस्टनच्या बाजूला आला, परदेशी मिशनांच्या मंडळाचा खजिनदार झाला आणि १८२१ पासून मरेपर्यंत त्याच मंडळाचा 'कॉरस्पॉन्डिंग सेक्रेटरी' होता. म्हणजे पत्रव्यवहार हेच त्याचे काम.

मी शोधत होते फक्त मुंबई. हाती आले ते भलतेच, आणि आता ते सोडवत नाही.

ओळखीच्या एका मुलीने तिकडून मायक्रोफिल्मवरची साठेक पाने काढून पाठवली (मूळ कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत). त्यात मुंबईची पाने थोडी आणि चेरोकी या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांविषयीची जास्त. आधी वाटले, चुकीचे रीळ आले. मग कळले की मंडळाची मिशने दोन्हीकडे होती आणि दोन्हीकडच्या पत्रांना उत्तरे देणारा हाच. मुंबईच्या छापखान्याची काळजी करणाऱ्या या मंडळाने चेरोकी अक्षरांचे खिळे बोस्टनमध्येच ओतवून घेतले! सिक्वोया या चेरोकी माणसाने आपल्या भाषेसाठी अक्षरे घडवली होती. ते खिळे जॉर्जियात न्यू इचोटाला पोचले आणि २१ फेब्रुवारी १८२८ ला 'चेरोकी फिनिक्स' या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला. काही मजकूर चेरोकीत, काही इंग्रजीत. खिळ्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल ते सांगायला नको. मी माळ्यावर जाऊन केसी पुसून आले.

आणि मग हुसकावणीचे प्रकरण. जॉर्जिया राज्याला चेरोकींची जमीन हवी होती आणि अध्यक्ष जॅक्सन राज्याच्या बाजूने होते. एव्हर्ट्सने 'विल्यम पेन' या टोपणनावाने १८२९ च्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत वॉशिंग्टनच्या 'नॅशनल इंटेलिजन्सर'मध्ये २४ लेख लिहिले. दयेची भीक त्यात नाही. वकील दस्त उलगडून दाखवतो तसा तो एकेक तह उलगडतो: १७८५ चा होपवेलचा, १७९१ चा होल्स्टनचा. सही तुमची, शब्द तुमचा, मग आता तो मोडता कसा, एवढेच त्याचे म्हणणे. पुढच्या वसंतात तो वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकून होता. चेरोकींसारख्या लोकांना हुसकावण्याचा कायदा तेव्हा संसदेपुढे होता. सिनेटर फ्रेलिंगहायसन त्याविरुद्ध तीन दिवस मिळून सहा तास बोलले, त्यामागे एव्हर्ट्सची तयारी होती. तरी कायदा झाला. सिनेटमध्ये २८ विरुद्ध १९, हाउसमध्ये (प्रतिनिधिगृहात) १०२ विरुद्ध ९७. तीन मते इकडची तिकडे झाली असती तर? मी हा आकडा किती वेळा वाचला असेन!

मला त्याची या काळातली पत्रे अखंड वाचायची आहेत. मंडळाच्या 'मिशनरी हेरल्ड'मध्ये छापलेले उतारे मिळतात, पण ते कातरलेले. त्यातून काय गाळले ते हस्तलिखितातच कळेल, आणि गाडी अडते ती तिथेच.

एक पान समोर ठेवून सांगते. पाकीट नाही, पत्राचाच कागद घडी घालून बाहेर पत्ता लिहिलेला. लाखेच्या टिकलीपाशी कागद फाटला आहे आणि तीन ओळींचे शेवटचे शब्द गेले आहेत. पत्त्याच्या वरच्या कोपऱ्यात वेगळ्या हाताने ठसठशीत '२५'. मी ते साल धरले, १८२५. पण आतल्या मजकुरात 'फिनिक्स'चा उल्लेख आहे, म्हणजे १८२८ च्या आधीचे असूच शकत नाही. दुसऱ्या एका पत्रावर '१८ ३/४' आहे. ही कसली तारीख?

'मिशन' हा शब्द मला दर वेळी 'मिफ्सन' किंवा 'मिपन' असा दिसतो. तारखांच्या जागी 'इन्स्ट' आणि 'अल्ट' अशी तुटकी अक्षरे येतात. मुंबईच्या पानांवर गावांची नावे आहेत, त्यातले 'तन्ना' म्हणजे ठाणे हे समजले, पण 'बँकूट' आणि 'रोवाडोंडा'वर डोके आपटून झाले. आणि सगळ्यात मोठे कोडे: मंडळाचे आधीचे सेक्रेटरी सॅम्युएल वूस्टर जून १८२१ मध्ये वारले. असे असताना १८२७ नंतरची पत्रे सॅम्युएल वूस्टरच्या नावे कशी? सालात माझी चूक होते आहे का?

मला मोडी बऱ्यापैकी वाचता येते, त्यामुळे जुन्या हस्ताक्षराची भीती नाही. पण हे वळण अंगवळणी पडलेले नाही. जाणकारांनी कृपया वाट दाखवावी. आगाऊ धन्यवाद.

– खिळेजुळारी

टपालखुणा

ताई, '२५' आणि '१८ ३/४' या तारखा नाहीत, ते टपालाचे पैसे आहेत. सेंटमध्ये. तिकिटे अमेरिकेत आली १८४७ साली. त्याआधी पोस्टमास्तर हाताने आकडा टाकायचा आणि बहुतेक वेळा पैसे पत्र घेणारा भरायचा. तेव्हा वजनावर नव्हे, कागदाच्या संख्येवर आणि अंतरावर दर होता. एका कागदाला ३० मैलांपर्यंत ६, ८० पर्यंत १०, १५० पर्यंत १२ १/२, ४०० पर्यंत १८ ३/४ आणि त्यापुढे २५. पाकीट वापरले तर तो दुसरा कागद धरून दुप्पट पैसे, म्हणून सगळे कागदाचीच घडी घालत. बोस्टन ते जॉर्जिया ४०० मैलांच्या कितीतरी वर, म्हणून तुमचे '२५'. हे पाव-अर्ध्याचे विचित्र आकडे स्पॅनिश चांदीच्या नाण्यांमुळे आले. ती तिकडे सर्रास चालत, आणि एक रियाल म्हणजे साडेबारा सेंट.

यातून तुम्हाला एक फायदा आहे. '१८ ३/४' हा दर १८२५ च्या कायद्याने आला. त्या पत्राचे साल गेले असले तरी ते १८२५ नंतरचे आहे हे पक्के धरा. आणि कुठे '६' सोबत 'शिप' असा शब्द दिसला तर ते पत्र समुद्रमार्गे आले आणि त्याच बंदरात वाटले गेले. मुंबईची पाने त्यावरून वेगळी काढता येतील.

दफ्तरवाला

सालात तुमची चूक नाही. वूस्टर दोन आहेत. सेक्रेटरी सॅम्युएल वूस्टर हे काका, ते चेरोकी प्रदेशात ब्रेनर्ड मिशनवर वारले. सॅम्युएल ऑस्टिन वूस्टर हा पुतण्या, जन्म १७९८, तो न्यू इचोटाला होता. खिळे ओतवण्याचा व्यवहारही त्याच्याच मार्फत झाला. पुढे जॉर्जिया राज्याशी एकनिष्ठ राहण्याच्या शपथेला नकार दिल्याबद्दल त्याला चार वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली, आणि मार्च १८३२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने जो निकाल दिला तोच 'वूस्टर विरुद्ध जॉर्जिया'. निकाल लागूनही तो सुटला १८३३ च्या जानेवारीत.

वाचनाबद्दल. शब्दात दोन एस लागोपाठ आले की पहिला उंच काढायची पद्धत त्या पिढीत टिकून होती. तो एफसारखा किंवा पीच्या दांडीसारखा दिसतो. एकदा 'मिशन' ओळखलात की 'ब्लेसिंग', 'पझेस' सगळे त्याच चावीने उघडतील. 'इन्स्ट' म्हणजे चालू महिना, 'अल्ट' म्हणजे मागचा. पण हा 'मागचा महिना' पत्र लिहिणाऱ्याचा, पोचल्याच्या तारखेचा नव्हे. मुंबईचे पत्र आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून बोस्टनला जायला चार-पाच महिने, उत्तराला तेवढेच. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांत दहा महिन्यांचे अंतर धरूनच जोड्या लावा, नाहीतर एका पत्राचे उत्तर दुसऱ्याला चिकटेल.

आणखी एक. आवक आणि जावक वेगळी करा. येणारी पत्रे मूळ हस्ताक्षरात असतात. जाणारी पत्रे वहीत नक्कल करून ठेवत आणि ती नक्कल पुष्कळदा कारकुनाच्या हातची असते. तेव्हा वहीतल्या अक्षरावरून 'हे एव्हर्ट्सचे वळण' असे ठरवू नका. त्याच्याविषयी १८४५ साली बोस्टनला छापलेल्या चरित्रात बरीच पत्रे दिली आहेत. आधी छापील पत्र घ्या, मग हस्तलिखितात तेच शोधा. मोडी शिकताना आपण हेच करतो ना? बाळबोध प्रत शेजारी ठेवून.

अष्टागर

'रोवाडोंडा' म्हणजे आमचे रेवदंडा. 'बँकूट' म्हणजे बाणकोट. जवळपास 'चौले' दिसले तर चौल. मिशनच्या शाळा आमच्या या किनाऱ्यावर होत्या आणि त्यात बेने इस्रायल (कोकणातल्या ज्यू) समाजातले मराठी शिक्षक होते. उच्चारी वाचून बघा, अमेरिकन माणसाच्या कानाने. यादी केलीत तर इथेच टाका, जेवढे जमेल तेवढे सांगतो.

टपालखुणा

दफ्तरवाल्यांच्या प्रतिसादावरून आठवले. पुतण्या वूस्टर न्यू इचोटाचा पोस्टमास्तरही होता. पोस्टमास्तरांना अर्ध्या औंसापर्यंतची पत्रे मोफत पाठवता येत, त्यामुळे त्याच्याकडून बोस्टनला आलेल्या पत्रांवर आकड्याऐवजी 'फ्री' लिहिलेले असू शकते. १८३१ मध्ये पहिल्यांदा अटक झाली तेव्हा पोस्टमास्तर म्हणजे केंद्र सरकारचा माणूस, म्हणून न्यायाधीशाने त्याला सोडले होते. मग वॉशिंग्टनहून त्याची पोस्टमास्तरकीच काढून घेतली, आणि पुन्हा अटक. त्या वर्षीच्या पत्रांवर 'फ्री' कुठे थांबते ते जरूर बघा.

खिळेजुळारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जागून पुन्हा सगळी पाने काढली.

'फ्री' सापडले! चार पत्रांवर आहे. मी त्याला कोणाच्या सहीचा भाग समजत होते. आणि '२५' वाले पान मी जावकीत टाकले होते, ते आवकीतले निघाले. पत्त्यात एव्हर्ट्सचे नाव आहे, 'मिशनरी रूम्स, बोस्टन' असे. घडी उलटी झाल्यामुळे आधी दिसले नव्हते.

उंच एसची चावी लागल्यावर एका पानाच्या अकरा ओळी सलग वाचता आल्या. दफ्तरवाले, तुमच्या सांगण्याप्रमाणे छापील चरित्र उघडून शेजारी ठेवले आहे. एव्हर्ट्स १० मे १८३१ ला चार्ल्सटनला क्षयाने गेला, पन्नाशीत. तब्येतीसाठी हवानाला जाऊन परत येत होता. म्हणजे वूस्टरची शिक्षा त्याने पाहिली नाही, निकालही नाही, आणि १८३८ मध्ये चेरोकींना घरदार सोडून पश्चिमेला जायला लावले ती वाटचालही नाही. कायदा झाल्यावर त्याने चेरोकींना कोर्टात जा म्हणून धीर दिला होता, ती १८३० च्या उन्हाळ्यानंतरची पत्रे मला आता सगळ्यात आधी हवी आहेत. माझ्या साठ पानांत त्यातले एकही नाही.

तेव्हा आता एकच विनंती उरली. बोस्टन-केंब्रिज भागात कोणी मायबोलीकर मंडळी असतील आणि हॉटनच्या वाचनकक्षात जाणे जमत असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मंडळाच्या कागदांचे क्रमांक 'एबीसी' या अक्षरांनी सुरू होतात. मला जून १८३० ते फेब्रुवारी १८३१ या काळातली जावक वही हवी आहे, परवानगी असेल तर फक्त फोटो. वाचायचे काम माझे.

आणि अष्टागर, गावांची यादी उद्या टाकते. एकूण सतरा नावे आहेत, त्यातली सहा अजून वाचता आलेली नाहीत.