डेंटल हायजिनिस्टचा कोर्स करावा का? पुढे स्कोप काय?

कावेरी_२१: नमस्कार, माझं सायन्स झालंय, बायोलॉजी आवडतं, पण डेंटिस्ट व्हायला लागतात तितकी वर्षं आणि तितका पैसा घरी झेपणार नाही. म्हणून डेंटल हायजिनिस्टचा विचार चाललाय. घरचे म्हणतात डॉक्टरच्या बाजूला ट्रे धरून उभं राहायचं काम, त्यात शिकायचं काय आणि पुढे जायचं कुठे. इथे कोणी हे काम करतंय का? प्लीज खरं काय ते सांगा.

दात_आणि_मी: कावेरी, सक्शन (तोंडातलं पाणी ओढणारी नळी) आणि ट्रे सांभाळतो तो असिस्टंट, तेही कौशल्याचंच काम आहे पण हायजिनिस्टचं वेगळं. दात आणि हिरडी यांच्यामधली फट प्रोबने (खुणा असलेल्या बारीक सळईने) मोजायची, एका दाताला सहा जागी, म्हणजे २८ दात असतील तर १६८ आकडे. १ ते ३ मिलिमीटर ठीक, ४ पासून पुढे लक्ष द्यायचं. मग स्केलिंग म्हणजे दातांवरचं टार्टर (कडक झालेला थर) खरवडून काढणं, हिरडीखालचंही, पॉलिशिंग, फ्लोराइड. फिलिंग, रूट कॅनाल हे डेंटिस्टकडे.
मी नऊ वर्षं करतेय आणि मला विचारशील तर निम्मं काम बोलण्याचं आहे. हिरडीतून रक्त येतं म्हणून लोक तिथे ब्रश लावायचं बंद करतात, मग प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साठतो, सूज वाढते आणि रक्त अजूनच येतं. हे न रागावता समजावता आलं आणि पुढच्या वेळी तोच माणूस गुलाबी घट्ट हिरड्या घेऊन आला की जो आनंद होतो ना, तो मला अजून होतो.

प्रोब_आणि_आरसा: मी शिकवते म्हणून कोर्सबद्दल लिहिते. बऱ्याच ठिकाणी दोन वर्षांचा डिप्लोमा असतो, काही देशांत तीन-चार वर्षांची डिग्री. अ‍ॅनाटॉमी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी, रेडिओलॉजी हे सगळं असतं पण मुलं अडकतात ती हाताच्या कामात. आधी प्लास्टिकच्या दातांवर सराव, पेशंट नंतर. बोट शेजारच्या दातावर टेकवून हात स्थिर ठेवायचा, ही एकच गोष्ट जमायला कित्येकांना महिने लागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.
फी भरायच्या आधी एक नक्की बघ, त्या कोर्सवर तुझ्या इथल्या डेंटल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळतं का. नसेल तर सर्टिफिकेट कितीही छान दिसलं तरी घेऊ नकोस. आणि काय करायची परवानगी आहे तेही जागेनुसार बदलतं, कुठे हायजिनिस्ट भूल देऊ शकतात, कुठे नाही.
पुढे जायचं तर शिकवणं, शाळांमधलं काम, संशोधन, कंपन्यांमध्ये प्रॉडक्ट ट्रेनिंग असे रस्ते आहेत. शाळांचं तर मुळापासूनच आहे, १९१३ मध्ये अमेरिकेत ब्रिजपोर्टला डॉ. फोन्स या डेंटिस्टनी हायजिनिस्टचा पहिला वर्ग सुरू केला आणि त्यातून शिकलेल्या बायका तिथल्या शाळांमध्येच मुलांचे दात साफ करायला गेल्या. तेव्हा घरच्यांना सांग, दात बिघडूच नयेत यासाठी हा पेशा उभा राहिलाय.

मान_सांभाळा: वरचं सगळं बरोबर, पण शरीराचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. मी पहिली चार वर्षं वाकून वाकून काम केलं, मान आणि मनगट दोन्ही गेलं, तीन महिने घरी बसावं लागलं. पहिल्या दिवसापासून पेशंटची खुर्ची वर घे, स्वतः वाकू नको, जमलं तर लूप्स (भिंगाचा चष्मा) लाव, आणि इन्स्ट्रुमेंटला धार ठेव, बोथट क्युरेटने (टार्टर खरवडायच्या हत्याराने) जोर जास्त लावावा लागतो आणि टार्टर निघायच्या ऐवजी नुसतं गुळगुळीत होतं.

कावेरी_२१: खूप खूप थँक्यू सगळ्यांना, रजिस्ट्रेशनचं माझ्या डोक्यातच नव्हतं, उद्याच बघते. अजून एक, मी डावखुरी आहे, त्याने अडतं का?

प्रोब_आणि_आरसा: अजिबात नाही. पेशंटचं तोंड घड्याळाच्या मध्यावर आणि डोक्यामागे १२ धरलं तर उजव्या हाताचे साधारण ८ ते १२ च्या जागेत बसतात, तू १२ ते ४ मध्ये बसशील. फक्त पहिल्याच दिवशी सांग, म्हणजे डाव्या बाजूने चालेल अशी खुर्ची तुला देतील. माझ्या दोन डावखुऱ्या विद्यार्थिनींनी सांगितलंच नाही आणि सगळी टर्म उलट्या बाजूने झगडत बसल्या.