कोणते ‘ड’ मोजले, हेही पाहावे
‘जळगावात ४५ अंशांचे ऊन असताना ड जीवनसत्त्व कमी येईलच कसे, तपासणीच खोटी असणार’ हा काहींचा आक्षेप पटत नाही. हे जीवनसत्त्व उष्णतेने नव्हे, तर अतिनील किरणांनी त्वचेत बनते. आणि मे महिन्यात दुपारभर दार लावून बसणाऱ्या, बाहेर पडताना तोंडाला रुमाल गुंडाळणाऱ्या आपल्या त्वचेला ते किरण मिळतात तरी किती?

चर्चेत राहून गेलेला मुद्दा असा, की प्रयोगशाळा सहसा यकृतात तयार होणारे साठ्याचे रूप मोजते. प्रत्यक्ष संप्रेरक म्हणून काम करणारे रूप मूत्रपिंडात घडते, हे फ्रेझर आणि कोडिचेक या संशोधकांनी केंब्रिजमध्ये १९७० साली दाखवले. साठा घटला की गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक वाढून मूत्रपिंडाला कामाला लावते, त्यामुळे कमतरता असूनही हे दुसरे रूप पुष्कळदा सामान्य, क्वचित जास्तही आढळते. तेवढ्यावरून निश्चिंत होणे फसवे आहे. अमळनेरच्या माझ्या मावशींचे मूत्रपिंड अधू असल्याने डॉक्टरांनी त्यांना ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटांच्या पुडीखेरीज कॅल्सिट्रिऑलची, म्हणजे मूत्रपिंडात घडणाऱ्या त्या दुसऱ्या रूपाचीच, इवलीशी कॅप्सूलही दिली होती; ‘दोन्ही एकच, एक बंद करा’ हा शेजारचा सल्ला त्यांनी ऐकला नाही, हे बरेच झाले.