मदत हवी आहे : मोटर पूर्ण वेगात नेली की फिश फाइंडर बंद पडतो, बॅटऱ्या बदलाव्यात का?

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी इंदूरचा, राहायला राजेंद्रनगरात. गळ टाकण्याचा नाद जुना आहे, पण आजवर तो काठावर बसूनच पुरवला. या वर्षी मेहुण्याने आणि मी मिळून चौदा फुटी, सपाट बुडाची फायबरची नाव घेतली आणि ती ट्रेलरवर टाकून इंदिरा सागरच्या पाण्यावर, हनुवंतिया बाजूला, न्यायला सुरुवात केली. नावेला पेट्रोलचे इंजिन नाही. पुढच्या टोकावर १२ व्होल्टची, ५५ पौंड जोराची, पायाने चालवायची विजेची मोटर आहे, मागे दोन बॅटऱ्या आहेत आणि पुढे बसणाऱ्यासमोर सात इंची पडद्याचा फिश फाइंडर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचे मासे आणि तळ दाखवणारे यंत्र, आहे, ज्याला खालचे आणि दोन्ही बाजूंचे असे सगळे दिसते. दोघे माणसे, बॅटऱ्या आणि सामान धरून सगळे वजन साधारण पाचशे किलो भरते.

अडचण अशी आहे की मोटर मध्यम वेगात चालवली, की फिश फाइंडरच्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत ठिपक्यांच्या तिरप्या रेघा येतात आणि त्यातला मासा कोणता नि कचरा कोणता हे कळेनासे होते. पूर्ण वेगात नेली की रेघा जातात, पण दहा-पंधरा सेकंदांत यंत्रच बंद पडते. मोटर थांबवली की पुन्हा बटण दाबून ते सुरू होते, जणू काही झालेच नाही.

गेल्या रविवारी हे प्रकरण अंगाशी आले. सकाळी पाणी आरशासारखे होते, म्हणून आम्ही काठापासून बरेच आत गेलो. या जलाशयाचा पसारा पूर्ण भरल्यावर नऊशे चौरस किलोमीटरच्या वर जातो, त्यामुळे मे महिन्यात दुपारी वारा सुटला की त्याला अडवायला मधे काही नसते आणि लाटा फुटू लागतात. परतताना वारा समोरून होता. पूर्ण जोर लावून पाऊण तास झाला असेल, तेवढ्यात मोटरचा आवाज बसत गेला आणि काठ डोळ्यांसमोर असताना ती थांबली. उरलेले अंतर दोघांनी वल्ही मारून कापले. मेहुण्याचे आजोळ जुन्या हरसूदचे, २००४ साली याच पाण्याखाली गेलेल्या गावाचे. एरवी तो पडद्यावर बुडालेली झाडे दिसली की तासन्‌तास बोलत असतो, पण त्या दिवशी काठ येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

बॅटऱ्यांविषयी सविस्तर सांगतो, कारण माझा संशय त्यांच्यावर आहे. दोन्ही ई-रिक्षाच्या, पाण्याच्या, १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासांच्या आहेत आणि समांतर जोडल्या आहेत. एक नवी आहे, दुसरी ओळखीच्या रिक्षावाल्याकडून दीड वर्ष वापरलेली घेतली. एकेक तीस किलोच्या आसपास भरते. भेरू घाटाच्या एका वळणावर जुनी बॅटरी पट्टा ढिला असल्याने कलंडली, तिच्या झाकणांतून आम्ल गळले आणि खाली अंथरलेल्या गोणपाटाला वाटीएवढी भोके पडली. सिमरोलला चहाच्या टपरीवर खायचा सोडा मागून घेतला आणि नावेचे बूड धुऊन काढले. तेव्हापासून घरात या बॅटऱ्यांना प्रवेशबंदी आहे.

ज्या दुकानातून मोटर घेतली त्यांचे म्हणणे असे, की दोन्ही बॅटऱ्या काढून टाकून लिथियमची मोठी बॅटरी घ्या, सगळे दुरुस्त होईल. तिची किंमत ऐकून मी दोन दिवस विषय काढला नाही. दुसरीकडे आमचा मिस्त्री म्हणतो की ई-रिक्षाची जुनी मोटर लावून तो मलाच नवी मोटर बनवून देईल. इंटरनेटवर अमेरिकेतल्या बास मासा पकडणाऱ्यांच्या नावा पाहिल्या, तर त्यांत मोटरसाठी तीन बॅटऱ्यांचे ३६ व्होल्ट, इंजिनासाठी वेगळी बॅटरी आणि तीन-तीन पडदे असतात. त्यातले आपल्याला किती लागू आहे हे समजत नाही.

म्हणून विचारतो, की लिथियम घेतल्याशिवाय गत्यंतर आहे का, आणि फिश फाइंडरचे दुखणे बॅटरीचेच आहे की दुसरे काही? जाता जाता, मरळ आणि पढीन या दोन माशांसाठी निदान किती साहित्य जवळ असावे हेही कोणी सांगितले तर उपकार होतील. सध्या माझ्या पेटीत पन्नासेक आमिषे आहेत आणि मासे लागतात ते तीनावरच.

प्रतिसाद, वडोदऱ्याहून :

नमस्कार. मी विजेच्या कामातून निवृत्त झालो आहे आणि गेली काही वर्षे नावेवरच्या वायरिंगची हौस भागवतो आहे. तुमचे वर्णन इतके नेमके आहे की निम्मे निदान त्यातच झाले. तुम्ही दोन वेगळी दुखणी एक समजत आहात. मध्यम वेगातल्या रेघा हा विजेचा गोंगाट आहे, आणि पूर्ण वेगात यंत्र बंद पडणे हा व्होल्टेज पडण्याचा परिणाम आहे. तुमच्या मोटरचा वेग विजेचे अतिजलद तुकडे पाडून कमी-जास्त केला जातो. हे तुकडे पाडणे मधल्या वेगांत चालते, तेव्हा गोंगाट होतो. पूर्ण वेगात वीज सलग जाते, म्हणून रेघा जातात, पण त्याच वेळी मोटर पन्नास अँपिअरच्या घरात प्रवाह ओढू लागते.

आता दोन गोष्टी सांगा. मागच्या बॅटरीपासून पुढच्या मोटरपर्यंत वायर किती जाडीची आहे, आणि फिश फाइंडरला वीज कुठून घेतली आहे?

धागाकर्ता :

काका, तुमच्या प्रश्नाने मलाच ओशाळल्यासारखे झाले. वायर घरात गीझरला वापरतात ती चार चौरस मिलिमीटरची आहे, अंतर चार मीटर. आणि फिश फाइंडरची वायर पुढेच, मोटरच्या प्लगपाशी जोडली आहे, कारण ते जवळ पडत होते. ट्रान्सड्यूसरची, म्हणजे फिश फाइंडरच्या पाण्यात ध्वनिलहरी सोडणाऱ्या भागाची, केबल आणि मोटरची वायर एकाच पीव्हीसी पाइपातून नेली आहे, दिसायला नीटनेटके व्हावे म्हणून.

प्रतिसाद, वडोदऱ्याहून :

ओशाळण्यासारखे काही नाही, बहुतेक जण हेच करतात. हिशेब पाहा. चार मीटर जाणे आणि चार मीटर येणे, अशी आठ मीटर तांब्याची वायर. चार चौरस मिलिमीटर जाडीला तिचा रोध ०.०३५ ओहम होतो. पन्नास अँपिअरला त्यावर पावणेदोन व्होल्ट खर्ची पडतात. बॅटरी ओझ्याखाली बारा व्होल्टवर आली असेल, तर पुढे जेमतेम सव्वादहा पोचतात, आणि दहाच्या आसपास हे पडदे स्वतःला बंद करून घेतात. वाया गेलेली वीज वायर तापवते, साधारण ऐंशी-नव्वद वॅट. पूर्ण वेगात पाच मिनिटे चालवून वायरला हात लावा, मी काय म्हणतो ते बोटांना कळेल. हीच वायर सोळाची घेतली तर तूट अर्ध्या व्होल्टच्या आत येते आणि पंचवीसची घेतली तर पाव व्होल्टच्या जवळ. मी पंचवीसचीच घ्या म्हणेन. वेल्डिंगची केबल मऊ असते आणि नावेत वळवायला सोपी जाते, पण घेताना टोक सोलून पाहा, कारण बाजारात त्याच जाडीची अॅल्युमिनियमची केबलही मिळते आणि वरून दोन्ही सारख्याच दिसतात. टोकांना थिंबल, म्हणजे जोडणीची धातूची टोपणे, पक्कडीने चेपून न घेता हायड्रॉलिक यंत्राने दाबून घ्या आणि बॅटरीच्या धन टोकाजवळ, हातभर अंतरात, साठ अँपिअरचा डीसी ब्रेकर, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा खटका, बसवा. सध्या तो नसेल असे मी गृहीत धरतो. ती वायर कुठे घासून उघडी पडली, तर पाण्याच्या मधोमध आग विझवायला पाणी भरपूर असले तरी नाव एकच असते.

फिश फाइंडरला पूर्ण वेगळी छोटी बॅटरी द्या. यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बंद बॅटरी कुठल्याही संगणकाच्या दुकानात मिळते. असा पडदा एक अँपिअरच्या आसपास प्रवाह खातो, म्हणजे पाच तास निभावतील. ऋण टोकही मोटरच्या ऋणाला जोडू नका, नाहीतर गोंगाट मागच्या दाराने आत येतो. ट्रान्सड्यूसरची केबल त्या पाइपातून काढून दुसऱ्या कडेने न्या, जास्तीची केबल कापू नका, आणि दोन्ही केबली कुठे ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडा.

बॅटऱ्यांविषयी. नवी आणि जुनी समांतर जोडणे हीच तुमची रविवारची चूक होती. जुनी बॅटरी नवीला आपल्या पातळीवर ओढते. शिवाय शंभर अँपिअर-तास हा आकडा वीस तासांत सावकाश रिकामी करण्याच्या हिशेबाने लिहिलेला असतो. तासाभरात ओरबाडली तर शिशाची बॅटरी त्याच्या निम्म्यापेक्षा थोडेच अधिक देते, आणि दर वेळी निम्म्याखाली नेली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. लिथियम फॉस्फेटची शंभरची बॅटरी ऐंशी-नव्वद खुशाल देते आणि वजनाला बारा किलोच्या आसपास असते. ती चांगलीच आहे, पण तुमचा आजार तिने बरा झाला नसता. ती बारीक वायर तिच्यापुढेही तेवढीच तापली असती. तिचा एक स्वभाव मात्र लक्षात ठेवा, की तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग आतले संरक्षक सर्किट एका क्षणात वीज तोडते. शिशाच्या बॅटरीने तुम्हाला आवाज बसवून सूचना तरी दिली. लिथियम घ्याल त्या दिवशी येणारा-जाणारा प्रवाह मोजणारे, शंटवर (वायरीत बसवायच्या अगदी कमी रोधाच्या पट्टीवर) चालणारे मीटरही घ्या, साध्या व्होल्टमीटरवर विसंबू नका.

३६ व्होल्टचे विसरा. ढोबळ नियम असा, की भरलेल्या नावेच्या दर शंभर पौंडांना दोन पौंड जोर. तुमच्या अकराशे पौंडांना बावीस पुरतात, वाऱ्यासाठी दुप्पट धरले तरी तुमचे पंचावन्न पुरून उरतात. तुमच्या मिस्त्रीला मात्र हसू नका. १९३४ साली अमेरिकेत फार्गो येथे ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड मॉडेल ए गाडीची स्टार्टर मोटर काढून तिला पंखा लावला आणि त्यातूनच नावेच्या विजेच्या मोटरीचा एक मोठा कारखाना उभा राहिला. फक्त पाण्याखाली जाणाऱ्या मोटरचे सील घरी जमत नाही, हे त्याला सांगा.

प्रतिसाद, इंदूरहून :

दादा, साहित्याचे मी सांगते. माझे माहेर बडवाहचे, वडिलांबरोबर नर्मदेवर लहानपणापासून गळ टाकला आहे. मरळ उथळात, गवता-शेवाळात राहतो आणि मधूनमधून हवा घ्यायला वर येतो. त्याला फिश फाइंडरची गरज नाही, डोळ्यांची आहे. पिलांचा तांबूस घोळका पाण्यावर दिसला तर मात्र त्याच्यावर आमिष टाकू नये. आई-बाप खालीच राखण करत असतात आणि ते गेले की पिले दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. त्याच्यासाठी रबरी बेडकाची दोन-तीन आमिषे आणि पन्नास पौंडांची विणलेली दोरी एवढे पुरते. पढीन खोलात, जुन्या नाल्यांच्या कडेला असतो. तिथे तुमचा पडदा कामाचा आहे, खोल बुडी मारणारी दोन आमिषे ठेवा आणि दातांसाठी पुढे हातभर तारेचा तुकडा जोडा. बाडस लागला, म्हणजे महाशीर, तर तो आपला राज्यमासा आहे, पाण्यातच ठेवून गळ सोडवा. उरलेली पंचेचाळीस आमिषे कोणा पोराला द्या.

आणखी एक, पडद्यावर दिसलेला मासा नावेच्या बरोबर खाली असतो असे समजू नका. दहा मीटर खोलीवर वीस अंशांचा झोत तळाशी साडेतीन मीटर रुंद झालेला असतो. मासा त्यात कुठेही असू शकतो. मासेमारीच्या परवानगीचे मत्स्य महासंघाच्या कार्यालयात विचारून घेतले असेलच.

धागाकर्ता :

काका, ताई, मनापासून आभार. परवानगी घेतलेली आहे.

जुनी वायर काढण्याआधी मोजमाप केले. पूर्ण वेगात बॅटरीवर १२.१ आणि पुढे मोटरच्या प्लगवर १०.३ व्होल्ट होते. मेहुण्याने वायर चिमटीत धरली आणि लगेच सोडली. सियागंजात दोन दुकाने फिरून तांब्याची पंचवीसची केबल मिळाली. पहिल्या दुकानातली सोलून पाहिली तेव्हा आत पांढरी निघाली. जुनी बॅटरी रिक्षावाल्याला परत दिली आणि पहिलीच्या जोडीची, तिच्याच कंपनीची नवी घेतली, पट्ट्यांसह प्लास्टिकच्या पेट्यांत. लिथियम पुढच्या वर्षी पाहू.

काल नेऊन आलो. पूर्ण वेगात पुढे ११.८ व्होल्ट मिळाले, पडदा एकदाही बंद पडला नाही. बाजूच्या दृश्यात बुडालेल्या झाडांची ओळ, त्यांच्या सावल्यांसकट, इतकी स्वच्छ आली की मेहुणा मला गळ टाकूच देईना. मध्यम वेगात अजून एक पुसट रेघ राहते. ट्रान्सड्यूसरच्या केबलला फेराइटचे, म्हणजे विजेचा गोंगाट शोषणारे, कडे लावून पाहतो आहे, ते केबलच्या कोणत्या टोकाला लावावे हे काकांनी सांगावे. १६ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत मासेमारी बंद असते, त्यामुळे हाती आता दोनच रविवार आहेत.

प्रतिसाद, वडोदऱ्याहून :

पडद्याच्या टोकाला, यंत्राच्या जितके जवळ जमेल तितके. केबलचे दोन वेढे त्यातून घ्या.