प्रतिसाद: ब्रश कटर रेस घेत नाही

संत्र्याच्या बागेत गवत कापायचा ब्रश कटर रेस घेत नाही म्हणून थेट कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) बदलायचा सल्ला दिलाय, तो घाईचा वाटतो. मशीन सुरू होतं, आयडलला नीट चालतं आणि गवतात घातलं की दम सोडतं, असं असेल तर आधी सायलेन्सर बघा. बऱ्याच टू-स्ट्रोक मॉडेलना धुराच्या तोंडाशी ठिणगी अडवणारी बारीक जाळी असते. ऑइल जास्त पडलं किंवा मशीन तासन्‌तास अर्ध्या रेसवर चालवलं की ती काजळीने बुजते आणि धूर कोंडतो. इंजिन थंड झाल्यावर जाळी काढा, गॅसच्या आचेवर लाल करून तारेच्या ब्रशने झाडा. ऑइलचं प्रमाणही बघा: मॅन्युअलात 50:1 (पेट्रोल:ऑइल) लिहिलं असेल तर लिटरभर पेट्रोलला 20 मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल, 25:1 असेल तर 40 मिली. 'अंदाजे एक झाकण' हा हिशोबच मुळात चुकीचा. फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मात्र ऑइल टाकायचंच नाही.

'पात्याऐवजी नायलॉन तार लावली की संत्र्याला धोका नाही' असंही म्हटलंय, ते तर अजिबात पटलं नाही. तारेच्या फटक्याने बुंध्याची साल सोलते, आणि पावसाळ्यात आपल्या काळ्या जमिनीत त्याच जखमेतून फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू शिरून डिंक्या (सालीतून डिंक गळण्याचा रोग) लागतो. बुंध्याभोवतीचं फूटभर गवत विळ्यानेच कापा. साल आधीच सोलली असेल तर बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर.