पार्किंगमधली उंदराच्या औषधाची वडी कुत्रीने खाल्ली, पण ती एकदम ठणठणीत आहे. थांबू का?

मुग्धा_ठाणे:
आमच्या सोसायटीत घुशी फार झाल्यात म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं होतं, तो मीटर रूमच्या मागे निळ्या वड्या उघड्याच टाकून गेला, ना बोर्ड ना कोणाला काही सांगितलं. काल रात्री फिरवताना आमच्या चिमीने (१२ किलो, इंडी) एक वडी कडकन चावली, अर्धी तोंडातून काढली, बाकीची पोटात. आज सकाळी जेवली, खेळली, शी पण नीट. आई म्हणते काही झालं असतं तर रात्रीच झालं असतं, दूध पाज आणि सोड. व्हेटकडे जायलाच हवं का?

ओंकार_व्हेटनर्स:
मुग्धा, आजच जा, प्लीज. "रात्रीच झालं असतं" हे या औषधाला लागूच होत नाही. वड्यांमध्ये बहुतेक ब्रोमॅडिओलोन असतं, ते शरीरातलं व्हिटॅमिन के पुन्हा वापरात येऊ देत नाही, त्यामुळे रक्त गोठवणारे घटक नवीन बनत नाहीत, पण आधीचे शिल्लक असतात तोवर कुत्रं मस्त दिसतं. तीन ते पाच दिवसांनी मग मरगळ, हिरड्या पांढऱ्या, धाप, खोकला, काळी शी, आणि बऱ्याचदा रक्त आत छातीत साचतं म्हणजे बाहेर एक थेंबही दिसत नाही. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक "कालपर्यंत तर छान होती हो" म्हणतच येतात.
उलटी करवण्याची वेळ आता गेली, ती पहिल्या काही तासांतच उपयोगाची आणि तीही डॉक्टरांनीच करायची, घरी मिठाचं पाणी अजिबात पाजू नका, त्यानेच कुत्री दगावतात. व्हिटॅमिन के१ हा खरा उतारा आहे, गोळ्या जेवणाबरोबर, साधारण तीन-चार आठवडे, मधेच बंद करायच्या नाहीत कारण हे औषध लिव्हरमध्ये खूप दिवस बसून राहतं. खाल्ल्यापासून ४८ ते ७२ तासांनी पीटी नावाची रक्ताची टेस्ट करतात. आणि पाकीट मिळवा! रंगावरून काही कळत नाही, निळा हिरवा लाल, कंपनी वाटेल तो रंग घालते, पाकिटावर औषधाचं नाव असतं तेच डॉक्टरांना हवं.

बार्शीकर:
ताई, पाकीट बघाच, कारण काळी पावडर असली तर प्रकरण वेगळं. आमच्या शेतात झिंक फॉस्फाईड वापरतात, भरडलेल्या धान्याला तेल लावून त्यात शंभराला दोन भाग, बिळात टाकायचं. पोटातल्या ॲसिडशी मिसळलं की त्याचा विषारी गॅस होतो, कधी पाव तासात तर कधी काही तासांत जनावर तडफडायला लागतं आणि याला उतारा नाही. म्हणून दूध, भाकरी काही म्हणजे काही द्यायचं नाही, पोटात अन्न गेलं की ॲसिड वाढतं नि गॅसही वाढतो. कुत्र्याने गाडीत उलटी केली तर काचा खाली करा, त्याच गॅसचा माणसालाही त्रास होतो, लसणासारखा वास येतो. गावात शेजाऱ्याची राखणीची कुत्री अशीच गेली, बिळात न टाकता बांधावर चिमूटचिमूट ठेवलेलं होतं. इतका राग येतो, अहो बिळात टाकून वर माती लोटायला किती वेळ लागतो?

रानवाटा:
अजून एक, मेलेले उंदीर. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर हिंडतो आणि मांजर, घुबड, धामण यांना आयता सापडतो, ते विष मग त्यांच्या अंगात. गव्हाणी घुबड आणि धामण उंदीर फुकटात खातात, त्यांनाच आपण मारतोय. रोज सकाळी मेलेले उंदीर हातमोजे घालून उचलून खोल पुरायला हवेत, कचऱ्याच्या डब्यात नाही. सोसायटीला सांगा, कुलूपवाल्या बेट बॉक्सशिवाय वडी ठेवायचीच नाही, आणि आधी कचऱ्याची खोली बंद करा, पाइपाभोवतीची भोकं जाळी आणि सिमेंटने बुजवा. पिंजऱ्यात सुकटीचा तुकडा लावला तरी पुष्कळ उंदीर सापडतात.

मुग्धा_ठाणे:
सगळ्यांचे आभार, दुपारीच गेले. सेक्रेटरींकडून पाकिटाचा फोटो मागवला, ब्रोमॅडिओलोनच आहे, डॉक्टरांनी के१ सुरू केलंय, टेस्ट परवा. वॉचमनकाकांनी उरलेल्या वड्या उचलल्या, पण एक-दोन कमी भरतायत, आणि खाली दोन भटकी कुत्री आणि पिल्लं असतात. त्यांच्या हिरड्या कशा बघायच्या? जवळ येतात पण तोंडाला हात लावू देत नाहीत.

ओंकार_व्हेटनर्स:
जबरदस्ती करू नका, चावतील. खायला ठेवा आणि कोण खात नाही, कोण सारखं बसून राहतंय, कोण लंगडतंय ते आठवडाभर बघा, सांध्यात रक्त साचलं की लंगडतात. जांभई देताना हिरड्या दिसतात, मोबाईलवर व्हिडिओ काढून झूम करा. पिल्लांकडे आधी लक्ष द्या, लहान अंगाला थोडं विषही भारी पडतं. काहीही वेगळं वाटलं तर मला इथेच मेसेज टाका, रात्री असला तरी चालेल.