दोन टक्के दिले की कंपनी सुटली?

खाडीकाठ:
काल इथे एकाने लिहिलं, "कंपनी भागधारकांची. तिने नफा कमवावा, कर भरावा. गावाचं बघायला सरकार आहे. सीएसआर, म्हणजे समाजकामाला द्यायचे नफ्याचे दोन टक्के, ही खंडणी." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

कंपनी कायदा, 2013 मधलं 135 वं कलम, म्हणजे ते दोन टक्के, सगळ्यांना पाठ. 166 वं कुणी उघडत नाही. भागधारकांबरोबर कामगार, समाज आणि पर्यावरण यांचं हित बघणं हे त्यात संचालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. म्हणजे दोन टक्के कुठे दिले एवढ्यावर भागत नाही, बाकीचे अठ्ठ्याण्णव कसे कमावले तेही विचारायचं.

आमच्या खाडीच्या वरच्या अंगाला रसायनांचे कारखाने आहेत. पावसाचा पहिला लोंढा आला की रात्री सांडपाणी सोडतात, सकाळी बोय मासळी उलटी होऊन तरंगते. वडिलांनी होडी विकली. त्याच वर्षी त्या कारखान्यांतल्या एकाने शाळेला संगणक दिले. वार्षिक अहवालात संगणकांचा फोटो आहे, खाडीचा नाही.

भावकॉपी:
खाडी नासवणं हा गुन्हा आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जा, मी सोबत सही करतो. पण त्यावरून भागधारकाला खलनायक का करता? अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनने 1970 साली 'नफा वाढवा' म्हटलं तेही नियम पाळून, फसवणूक न करता, असंच. माझ्या आईची फंडाची पुंजी म्युच्युअल फंडात आहे. तिच्या पैशातून कंपनीच्या साहेबांनी आपल्या मर्जीतल्या संस्थेला देणगी का द्यावी?

उसाचा_फड:
भागधारक आणि समाज वेगळे धरता म्हणून भांडण. प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 साली सुरू झाला, तेव्हा शेअर घेणारा शेतकरीच होता. त्या परिसरात पुढे शाळा-कॉलेजं, दवाखाने आले ते कारखान्याच्याच जोरावर.

भावकॉपी:
आणि पुढे? सहकारी कारखाने बुडाले, थकहमी सरकारने दिली, म्हणजे आम्ही दिली. गरज नसताना नोकरभरती, सभासदाने हिशेब मागितला की "समाजाचं काम चाललंय". सगळ्यांना उत्तरदायी म्हणजे कुणालाच नाही.

उसाचा_फड:
शहरात बसून बोलणं सोपं आहे! खाजगीचा अनुभव घेतलाय का? मी घातला ऊस खाजगीला. काट्यात मारलं. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव, 14 दिवसांत द्यायची, उशीर झाला तर 15 टक्के व्याज, असं ऊस नियंत्रण आदेशात आहे. व्याज मागायला गेलो तर शेतकी अधिकारी म्हणाला, पुढच्या हंगामात तोड मिळणार नाही. सहकारीत निदान वार्षिक सभेत उठून ओरडता तरी येतं.

भावकॉपी:
माईक बंद करतात तुमच्या सभेत. सगळ्या महाराष्ट्राने पाहिलंय.

खाडीकाठ:
साखर पुरे. मूळ मुद्द्यावर या.

कोयत्याची_लेक:
नाही, साखरेवरच थांबा. आई-वडील बीडहून दरवर्षी तोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेतलेली. पाचटाची खोप, पाणी कॅनॉलचं. आई तापाने फणफणली तरी फडात, कारण खाडा पडला की पैसे कापायचे. एक हंगाम सहकारी, दुसरा खाजगी, आम्हाला काही फरक दिसला नाही. वजन आणि व्याजावर तुम्ही दोघं भांडता. ती मोळी बांधली कुणी? आम्ही कुणाचेच सभासद नव्हतो आणि कारखान्याच्या मस्टरवरही नव्हतो.

उसाचा_फड:
ताई, तोडणीचे पैसे आमच्याच बिलातून कापतात.

कोयत्याची_लेक:
दादा, कापतात तुमच्याकडून, पण पोचतात मुकादमाकडे. कारखान्याला आमचं नाव ठाऊक नसतं आणि ते त्याला सोयीचं आहे.

भावकॉपी:
इथे माझ्याकडे उत्तर नाही. 166 वं कलमही घ्या, मान्य. पण ते मोडल्याचा दंड एक ते पाच लाख, तोही संचालकाला, मोठ्या कंपनीच्या संचालकाला तो चहापाण्याचा खर्च. आणि 245 व्या कलमाखाली एकत्र दावा लावता येतो तो सभासदांना आणि ठेवीदारांना. खाडीवाल्याला नाही.

खाडीकाठ:
मग तो हक्क आम्हाला द्या, एवढंच मागणं आहे. संगणक परत घेऊन जा.